वांगी कोणत्या खात्यातून?

लायन्स क्लबात मी गेलो तो पॉलिसी विकायला. हे आता उघड लिहायला हरकत नाही, कारण क्लबातल्या सगळ्यांना ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी विमा एजंट. यावल-रावेर पट्ट्यातलं, फैजपूरपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव. इथे केळीच्या भावावर लग्नाच्या तारखा ठरतात आणि हप्त्याची आठवण करून दिली की शेतकरी शांतपणे म्हणतो, ‘‘माल कटू दे, मग बघू.’’ अशा गावात, माल कटायची वाट न बघता ज्यांच्या खिशात पैसे असतात अशी तीसेक माणसं महिन्यातून दोनदा एका हॉलात जमतात, एकमेकांना ‘लायन अमुक, लायन तमुक’ म्हणतात आणि शेवटी पोटभर जेवतात, हे कळल्यावर कोणता एजंट घरी बसेल?

मला स्पॉन्सर केलं नानांनी. नाना म्हणजे माझे शाळेतले गणिताचे सर, पुढे हेडमास्तर होऊन रिटायर झाले. शपथ झाली, कोटाला पिन लागली. (कोट लग्नातला. बटण लागत नव्हतं, म्हणून उघडाच ठेवला.) पिन लावता लावता नाना कानाशी म्हणाले, ‘‘एक वर्ष पॉलिसीचं नाव काढायचं नाही. मग काढावंसं वाटलं तर काढ.’’

मी दुसऱ्याच मीटिंगला काढलं. शेजारी एक सराफ बसला होता, त्याला हळू आवाजात टर्म इन्शुरन्स समजावून सांगत होतो. तेवढ्यात मागून ट्रकच्या हॉर्नसारखा आवाज आला, ‘‘पन्नास रुपये!’’ हे अप्पा. केळीचे व्यापारी आणि त्या वर्षीचे टेल ट्विस्टर. लायन्समध्ये हे पद खरंच असतं. टेल ट्विस्टर म्हणजे शेपटी पिळणारा. पिन विसरली, फोन वाजला, उशिरा आलात, भाषण लांबवलंत, बायकोचा वाढदिवस विसरलात, कशालाही दंड. आणि टेल ट्विस्टरला मात्र दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्या मेंबरांचं एकमत लागतं. अप्पांच्या बाबतीत ते कधीच होत नाही, कारण निम्मे मेंबर त्यांच्याकडे माल देतात.

दंड भरला. जेवताना नाना शेजारी येऊन बसले आणि वर्गात सांगायचे तसं सांगायला लागले. लायन्सचा मूळपुरुष मेल्विन जोन्स, तोही शिकागोचा विमा एजंट. धंद्यातल्या ओळखींसाठी जमणाऱ्या एका मंडळाचा तो मेंबर होता. दर वेळी एकमेकांचाच फायदा बघायचा, तेवढीच अक्कल गावासाठी वापरली तर काय होईल, असं त्याच्या डोक्यात आलं आणि १९१७ साली त्यातून हे सगळं उभं राहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॅलसला पहिलं अधिवेशन भरलं आणि उद्दिष्टांत एक कलम घातलं गेलं : मेंबरांचा आर्थिक फायदा हे कोणत्याही क्लबचं उद्दिष्ट असता कामा नये. ‘‘म्हणजे बघ,’’ नाना भाकरी मोडत म्हणाले, ‘‘तुझ्याच धंद्यातल्या माणसाच्या डोक्यातून निघालं हे. तुझी सोय त्यांनी शंभर वर्षं आधीच लावून ठेवलीय.’’

पुढची दोन वर्षं मी मीटिंगला गेलो आणि जेवलो, याच्यापलीकडे फार काही केलं नाही. मीटिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ असते ‘फेलोशिप’. नवख्याला वाटतं, काही प्रार्थना-बिर्थना असेल. जेवण असतं. कधी शेवभाजी, कधी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, तीही केळीच्या पानावर. मला तेव्हा वाटायचं की झाडं लावणं, वह्या वाटणं हे सगळं या जेवणाला निमित्त म्हणून चाललंय. अगदीच चूक होतं असंही नाही.

तिसऱ्या वर्षी सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. कोणालाच नको होतं. लायन्सचं वर्ष एक जुलैला सुरू होतं, म्हणजे आमच्याकडे ऐन पेरणीच्या धांदलीत. निम्मा हॉल रिकामा, अशा अवस्थेत माझं पदग्रहण झालं.

वर्षाचा मोठा उपक्रम कोणता घ्यायचा यावर दोन मीटिंगा खर्ची पडल्या. एक गट म्हणत होता, एसटी स्टँडवर बसायला बाकं देऊ. नाना म्हणत होते, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांसाठी मोतीबिंदूचं शिबिर घेऊ. डोळ्यांचं काम लायन्सकडे फार पूर्वीपासून आहे. १९२५ साली ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलरनं लायन्सना हे काम हातात घ्या म्हणून साकडं घातलं, तेव्हापासून. नानांनी हे सगळं सांगितलं. बाकांच्या गटातल्या एकानं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘नाना, सगळं खरं आहे, पण बाकावर नाव येतं. डोळ्यावर येत नाही.’’ हॉल हसला. मग मतदान झालं आणि डोळे तीन मतांनी जिंकले. त्यातलं एक मत माझं होतं. कारण सांगतो : बाकांची कोटेशनं सेक्रेटरीला गोळा करावी लागली असती. शिबिराचं काय, डॉक्टरच सगळं करतात, अशी माझी समजूत होती.

जळगावच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयानं तपासणी, ऑपरेशन आणि भिंग मोफत करायचं कबूल केलं. बस, रुग्णांचं आणि सोबतच्या माणसांचं जेवण, औषधाचे थेंब, काळे चष्मे, आधी गावोगावी फिरणारा भोंगा, हे क्लबकडे. त्यासाठी पैसे हवे होते. खान्देशात हिवाळ्यात पैसे उभे करायचे तर भरीत पार्टीसारखं दुसरं काही नाही. तीनशे रुपयांचं कुपन, बसून हवं तेवढं खा.

अप्पांच्या शेतात पार्टी ठरली. बामणोदकडची वांगी आणली, साठ किलो. बाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं की भरताचं वांगं म्हणजे जांभळं नव्हे. हे फिकट हिरवं, मोठं, बी कमी. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला दोघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अप्पांनी पेढे वाटले होते, पण फक्त केळीचे. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यावर वांगी सरळ टाकायची. काडी भसकन पेटते आणि लवकर विझते, म्हणून एक माणूस सतत काड्या सारत उभा लागतो. साल काळी पडून फुटली, देठाजवळून पाणी सुटलं की काढायचं. गरम असतानाच सोलायचं, देठ तसाच ठेवून, म्हणजे धरायला मूठ मिळते. मग लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं. पलीकडे कढईत तेल, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. वरून कांद्याची पात. सोबत कळण्याच्या पुऱ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते कळणं, गव्हाच्या पुरीची इथे गरज नाही.

वांगी सोलायला मी, बाकवाला मेंबर आणि मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या ताई असे शेजारी बसलो होतो. क्लबात बायकांना मेंबर व्हायची वाट १९८७ साली मोकळी झाली, आमच्याकडे ती वाट ताईंपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. त्या येईपर्यंत बायका यायच्या त्या पुऱ्या लाटायला. ताईंनी पहिल्याच पार्टीत सांगितलं होतं, ‘‘मी सोलीन, पण लाटणार नाही.’’ बोटं भाजत होती, धूर डोळ्यात जात होता, आणि बाकवाला मेंबर मला सांगत होता की त्याच्या वडिलांचा एक डोळा शेवटपर्यंत अधू राहिला, ऑपरेशनला कधी तयारच झाले नाहीत. मी विचारलं, ‘‘मग बाकांचं काय एवढं धरून बसला होतात?’’ म्हणाला, ‘‘त्यांना स्टँडवर बसायला जागा नसायची.’’ मला यावर काही सुचलं नाही. मी पुढचं वांगं उचललं.

तेवढ्यात नाना आले. धुरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, ‘‘वांगी कोणत्या खात्यातून घेतली?’’

लायन्समध्ये दोन खाती असतात. एक प्रशासनाचं : मेंबरांची वर्गणी, दंड, त्यातून मीटिंगचा खर्च. दुसरं सेवेचं : लोकांकडून जमवलेला पैसा. दुसऱ्यातला पैसा पहिल्यात जाऊ शकत नाही. लोकांचा पैसा लोकांसाठीच. मी सांगितलं, सेवेच्या खात्यातून, कारण पार्टी शिबिरासाठीच आहे. नाना म्हणाले, ‘‘कुपनवाल्यांच्या ताटाचा खर्च निघेल त्यातून, ते ठीक. आणि आपली तीस घरं? बायकापोरांसकट सव्वाशे ताटं? ती वांगी लोकांच्या पैशाची खायची?’’

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सगळेच दर वर्षी फुकट खायचे. अप्पा तावातावानं आले. ‘‘शेत माह्यं, काड्या माह्या, भाजून ऱ्हायलो आम्ही, अन् वरून तीनशे रुपये बी आम्हीच द्यायचे?’’ नाना काही बोलले नाहीत. गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभं करून गप्प राहायचे, तसे नुसते उभे राहिले. दोन मिनिटांनी अप्पांनी बंडीच्या खिशातून पैसे काढले आणि घरातल्या सहा माणसांची कुपनं घेतली. मग बाकीच्यांना पर्याय राहिला नाही. काही जण पुटपुटले, एक जण न जेवता गेला, आणि तो अजूनही नानांशी नीट बोलत नाही. पण शिबिराची बस त्या ताटांतून सुटली.

शिबिर जानेवारीत, आठवडे बाजाराच्या दिवशी, आश्रमशाळेच्या दोन वर्गांत. ऑपरेशन कोणत्याही ऋतूत होतं असं डॉक्टर सांगतात, पण आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून घ्यायला कोण येणार? आणि मार्चमध्ये होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार असतो, तेव्हा पाड्यावर माणूस सापडत नाही. म्हणजे जानेवारीच.

त्या दिवशी क्लबातले बावीस जण हजर होते. फ्लेक्स दृष्टी तपासायच्या तक्त्याच्या दसपट मोठा, त्यावर सगळ्यांचे चेहरे. (फ्लेक्सचे पैसे पहिल्या खात्यातून, नानांनी बिल स्वतः तपासलं.) फोटो झाले. साडेबारापर्यंत बावीसचे नऊ उरले.

एका वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता, तिथे डॉक्टर टॉर्चनं डोळे बघत. व्हरांड्यात वीस फुटांवर ‘ई’चा तक्ता. अक्षर येण्याची गरज नसते : ई-चे पाय वर आहेत, खाली आहेत, कुठल्या बाजूला आहेत, ते हातानं दाखवायचं. एक म्हातारबाबा मोठ्या ई-पुढे हात तसाच हवेत धरून उभे राहिले, काहीच दाखवेनात. मग टेक्निशियननं जवळ जाऊन बोटं धरली. तीन फुटांवरून बाबा म्हणाले, ‘‘दोन.’’ तो चार बोटं धरून उभा होता. माझ्याच ओळखीचे निघाले ते. वर्षभर त्यांच्याकडून शेंगा घेत होतो आणि ते नोट हातात चुरगाळून बघायचे, ते मला वाटायचं नोटेची परीक्षा करतात.

ज्यांना मोतीबिंदू होता त्यांचं तिथेच बीपी आणि साखर. बीपी जास्त असेल तर गोळ्या देऊन पुढच्या वेळी. काहींना काचबिंदू निघाला, काहींना वडस, म्हणजे बुबुळावर वाढणारा पडदा. काही जण ‘अजून पिकला नाही, पिकू द्या’ म्हणत उठले. पिकायची वाट बघण्याची आता गरज नसते हे डॉक्टर दर पाच मिनिटांनी सांगत होते. ‘बकऱ्या कोण बघेल’ हे कारण मी दिवसभरात किती वेळा ऐकलं याची मोजदाद ठेवली नाही. ऑपरेशन शिबिराच्या जागी होत नाही, रुग्णालयातच नेऊन करतात, हेही पुष्कळांना पटत नव्हतं. त्यांच्या आठवणीत शाळेतच टेबल टाकून कापणारे डॉक्टर होते.

माझं काम नोंदणीचं टेबल. नाव, नवऱ्याचं नाव, पाडा, वय. वय विचारलं की एकच उत्तर, ‘‘लिही साठ.’’ फोन शेजाऱ्याचा. एकशे चौऱ्याऐंशी नावं लिहिली, त्यातली एक्केचाळीस निवडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बस, दोन ठिकाणी थांबणार.

आता चूक सांगतो. पहिल्या थांब्यावर मी यादी घेऊन दारात उभा. नाव पुकारलं, एक मावशी ‘हां’ म्हणून चढली, मी खूण केली. दुसऱ्या थांब्यावर, फाट्यावर, आणखी एक मावशी गाठोडं घेऊन उभी. नाव विचारलं तर तेच. नवऱ्याचं नाव तेच. आडनाव तर अख्ख्या पाड्याचं एकच. वय लिही साठ. मी यादी बघितली, खूण झालेली. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, मागे कोणीतरी ओकत होतं. मला वाटलं, हिला उगाचच बसमध्ये यायचंय. म्हणालो, ‘‘मावशी, तुमचं पुढच्या वेळी.’’ ती काही बोलली नाही. खाली ठेवलेलं गाठोडं उचललं आणि बाजूला झाली.

रात्री आठ वाजता रुग्णालयाच्या वॉर्डात सिस्टर दाखल झालेल्यांचं बीपी घेत होती. कपाळावर, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या भुवईच्या वर, चिकटपट्टी लावत होती. एका खाटेपाशी ती थांबली. कागदावर डावा डोळा, बाईच्या डाव्या डोळ्यात फारसं काही नाही, उजव्यात आहे. कागदावर बीपी नॉर्मल, मशीनवर एकशे नव्वद. तिनं मला बोलावलं. ती माझ्याकडे बघत होती, मी यादीकडे.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. कोणाला फोन करायचा? अध्यक्ष लग्नाला सुरतला. नानांना करायची हिंमत नव्हती. अप्पांना केला. अप्पांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे देता येणार नाहीत, मग म्हणाले, ‘‘कोणता पाडा?’’

जीप काढून अप्पा निघाले. बाई माणूस सोबत हवं म्हणून ताईंना घेतलं, पाड्यावरची पावरी बोली येणारे आश्रमशाळेचे एक गुरुजी वाटेतून उचलले. पाड्यावर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. मावशी झोपली होती. उठून बसली आणि म्हणाली (गुरुजींनी नंतर सांगितलं), ‘‘सकाळी नको म्हणता, रात्री चल म्हणता. मी काय शेळी आहे?’’ मुलगा भांडायला उठला, आणि त्याचं बरोबरच होतं. अप्पांनी वाद घातला नाही. खाटेवर बसले आणि चहा मागितला. थंडी कडाक्याची, शेकोटी पेटवली गेली, चहा झाला, केळीचा भाव निघाला, मुलगा मजुरीला कुठे कुठे जातो ते निघालं. तास गेला. मग अप्पा मावशीला म्हणाले, ‘‘चूक त्या पोराची आहे. त्याला शिव्या तरी द्यायला चल. अन् शिव्या देणाऱ्याला समोरचा दिसला पायजे का नाही?’’

रात्री दोनच्या सुमाराला जीपचे दिवे रुग्णालयाच्या फाटकात वळले. तापीच्या पुलावर इतकं धुकं होतं की गुरुजी उतरून पुढे चालत होते म्हणे. ताईंनी खाली उतरताच मला सांगितलं, ‘‘पुढच्या वेळी यादी मी करणार.’’ अप्पा जीपमध्येच झोपले.

डोळ्याच्या बाजूला सुई देऊन बधिर करतात, माणूस जागाच असतो, जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या सकाळी पट्टी सोडायच्या वेळी मी मावशीच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो, शिव्या खायच्या तयारीनं. सिस्टरनं पट्टी काढली, डोळा पुसला, थेंब टाकला. मावशीनं दोनदा मिचकावलं. माझ्याकडे बघितलंच नाही. मनगट डोळ्यासमोर धरलं, बांगड्या एक एक करून फिरवल्या. तीन हिरव्या होत्या, एक निळी. ती काहीतरी जोरात बोलली. गुरुजी हसायला लागले. सुनेनं बाजारातून आणून भरल्या होत्या आणि ‘सगळ्या हिरव्या आहेत’ असं सांगितलं होतं.

बीपीवाल्या मावशीला गोळ्या सुरू करून बसमधून परत आणलं. तिनंही मला काही म्हटलं नाही. ते मला जास्त लागलं.

घरी गेल्यावरचे नियम लांबलचक असतात. डोक्यावरून पाणी नाही, वाकून वजन उचलायचं नाही, चुलीच्या धुरापाशी बसायचं नाही. चुलीपाशी नाही तर कुठे बसणार, हे विचारायचं नाही. थेंब दिवसातून सहा वेळा. घड्याळ कोणाकडे? ताईंनी युक्ती काढली. पाड्याखालच्या रस्त्यानं दिवसातून चार एसटी जातात. पहिली गेली की एक थेंब, दुसरी गेली की दुसरा, उरलेले दोन उठल्यावर आणि निजताना. दोन बाटल्या होत्या, त्यातल्या एकीला लाल दोरा बांधला : दोऱ्याची आधी, बिनदोऱ्याची मग. एसटी बंद पडली तर काय, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘‘मग तू भोंगा घेऊन जा.’’

महिन्यानं फेरतपासणी. शिबिराच्या दिवशी बावीस मेंबर होते, फेरतपासणीला चौघे : नाना, ताई, अप्पा, मी. कोणाला नावं ठेवत नाही. आदल्या वर्षी आरोग्य तपासणीच्या फेरीला मीही नव्हतो, एका पॉलिसीच्या मागे होतो, आणि ती शेवटी निघालीही नाही. क्लबात आल्यापासून एकूण दोनच निघाल्या. त्यातली एक त्या बसच्या ड्रायव्हरनं काढली, स्वतःहून विचारून.

ज्यांची ऑपरेशनं झाली त्यातले सात जण आले नाहीत. पाड्यापाड्यांवर जायचं ठरलं. मावशी त्या सातांत होती. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात सूप घेऊन उडीद निवडत होती. सुपात खडे वेगळे काढून ठेवलेले, बारीक, तांदळाच्या कणीएवढे. काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी ‘‘कशी आहेस मावशी?’’ म्हटलं तशी मान वर केली, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि गुरुजींना काहीतरी म्हणाली.

‘‘काय म्हणते?’’

‘‘म्हणते, यादीवाला तो हाच का? आवाजावरून मोठा वाटला होता.’’

अप्पा मागे जीपला टेकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग शिव्याही मिळाल्या, सावकाश, उडीद निवडता निवडता. गुरुजींनी त्यांचं भाषांतर केलं नाही. ताईंनी डोळा बघितला, थेंब कमी करायचे सांगितले. दोरा अजून बाटलीला होता.

उजवा डोळा बाकी होता. पुढच्या हिवाळ्यात करू म्हटलं, तयार झाली. मी वही काढली. नाव, नवऱ्याचं नाव, पाडा, डोळा उजवा. या वेळी ओळखीची काहीतरी खूण लिहून ठेवावी म्हणून ‘एक बांगडी निळी’ लिहायला गेलो आणि मनगटाकडे बघितलं, तर चारही हिरव्या. तिच्या लक्षात आलं मी काय शोधतोय. तिनं सुपातला हात काढून दाराकडे दाखवला. तिथे बोरीचं झाड होतं, खाली पिकल्या बोरांचा सडा.

मी लिहिलं : ‘दारात बोर.’